जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

जुना वाडा विकत घेणारा मनुष्य भिंतींचा रंग पाहतो. पण वाडा उभा असतो तो वाशांवर आणि खांबांवर, आणि त्यांना वाळवी लागली आहे कीं नाहीं हें रंगविलेल्या भिंतीवरून कळत नाहीं. जुन्या आलिशान मोटारीची गोष्ट अशीच आहे. नवी असतांना जी गाडी कारखानदारांच्या आणि नामांकित डॉक्टर-वकिलांच्याच दारांत दिसावयाची, तीच पंचवीस-तीस वर्षांनंतर एखाद्या लहान नव्या गाडीहून कमी किमतींत मिळूं शकते. जाड गाद्या, लांकडी पट्ट्यांनीं सजविलेला दर्शनी भाग, दार लावतांना होणारा तो भरीव आवाज, हें सर्व एवढ्या पैशांत मिळत असेल तर मध्यमवर्गीय गृहस्थास मोह पडणें स्वाभाविक आहे. कित्येक घरांत तर ती विकत घ्यावीहि लागत नाहीं. वडिलांच्या पश्चात् ती अंगणांत ताडपत्रीखालीं उभी असते, आणि तिचें काय करावें हा प्रश्न दर दिवाळीला निघतो व दर दिवाळीला तसाच राहतो.

ह्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना एक व्यावहारिक सत्य प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. आलिशान गाडीची विक्रीची किंमत वर्षानुवर्षें उतरत जाते. तिच्या दुरुस्तीची किंमत मात्र उतरत नाहीं. गाडी स्वस्त झाली म्हणून तिचा रेडिएटर कांहीं स्वस्त होत नाहीं. म्हणून अशी गाडी ही स्वस्त गाडी नसून, स्वस्तांत मिळालेली महाग गाडी असते. हा भेद ज्याच्या लक्षांत आला नाहीं, त्याची गाडी पहिल्या मोठ्या बिलासरशी पुन्हां ताडपत्रीखालीं जाते. ज्याच्या लक्षांत आला, त्यानें मात्र थोडें ज्ञान, थोडीं हत्यारें आणि पुष्कळ धीर एवढ्या भांडवलावर घरच्या घरीं तिचा जीर्णोद्धार करण्यास हरकत नाहीं.

सर्वसामान्य उपदेशानें एकहि बोल्ट सुटत नाहीं. म्हणून एक विशिष्ट गाडी डोळ्यांसमोर ठेवलेली बरी. जर्मनींतील मर्सिडीज-बेंझ कंपनीनें १९८४ च्या अखेरीस एक मध्यम आकाराची श्रेणी जगापुढें मांडली. कारखान्यांतील तिचें सांकेतिक नांव डब्ल्यू १२४. ब्रूनो साक्को ह्या इटालियन वंशाच्या कलावंताच्या देखरेखीखालीं तिचा घाट ठरला. वाऱ्याचा विरोध कमीत कमी व्हावा म्हणून मागचा भाग निमुळता केला होता, आणि समोरच्या कांचेवर दोन वायपरांऐवजीं एकच वायपर होता. तो फिरतां फिरतां पुढें-मागें सरकून कांचेचा सुमारें ८६ टक्के भाग पुसतो. मागच्या प्रत्येक चाकास पांच स्वतंत्र दांड्यांनीं धरून ठेवण्याची जी रचना ह्या कंपनीनें १९८२ सालीं आपल्या लहान गाडींत आणली होती, ती ह्या गाडींतहि घेतली गेली. १९९३ सालीं ह्या श्रेणीस ‘ई-क्लास’ हें नांव मिळालें. सर्व प्रकार मिळून पंचवीस लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या.

महाराष्ट्राचा ह्या गाडीशीं संबंध निकटचा आहे. १९९४ सालीं मर्सिडीज-बेंझनें टेल्कोशीं, म्हणजे २००३ पासून जी टाटा मोटर्स ह्या नांवानें ओळखली जाऊं लागली त्या कंपनीशीं, भागीदारी करून भारतांत आपली कंपनी काढली, आणि १९९५ मध्यें पुण्याजवळ ज्या पहिल्या गाडीची जोडणी सुरू झाली ती हीच. त्यामुळें मुंबई-पुण्याच्या जुन्या बंगल्यांतून ह्या गाड्या अद्याप आढळतात आणि त्यांवर हात बसलेले मिस्त्रीहि भेटतात. जर्मनींत श्टुटगार्टजवळच्या फेलबाख येथें १९९३ सालीं ह्याच कंपनीनें आपल्या जुन्या गाड्यांसाठीं एक स्वतंत्र केंद्र काढलें. ज्या गाडीचे सुटे भाग मिळत नाहींत ती कितीहि सुंदर असली तरी शोभेची वस्तु होय; ही गाडी इतक्या मोठ्या संख्येनें निघाली कीं तिच्या बाबतींत ती भीति बरीच कमी आहे.

कामास हात घालण्यापूर्वीं दोन शब्दांचा अर्थ स्पष्ट करून घ्यावा. जीर्णोद्धार म्हणजे गाडी जशी होती तशी पुन्हां करणें. सुधारणा म्हणजे ती जशी कधींच नव्हती तशी करणें. पहिल्याचें माप कारखान्यानें ठरवून दिलेलें असतें. दुसऱ्याचें माप मालकाच्या हौसेवर असतें. बहुतेक गाड्या बिघडतात त्या ह्या दोहोंचा क्रम उलटा केल्यामुळें. ब्रेकच्या नळ्या तीस वर्षांच्या जुन्या, आणि चाकें मात्र नवीं चकचकीत. शीतकरणाची व्यवस्था गंजलेली, आणि ध्वनियंत्र मात्र थेट परदेशचें! असा संसार फार दिवस टिकत नाहीं.

गाडी अजून घ्यावयाची असेल तर ती सकाळीं, इंजिन पूर्ण थंड असतांना पाहावी. विकणाऱ्यानें ती आधींच तापवून ठेवली असेल तर त्याचें कारण विचारावें. गालिचा उचलून खालचा पत्रा हातानें चाचपावा. चाकांवरील कमानी, पुढचे मडगार्ड, बॅटरीखालची जागा, मागच्या कांचेची खालची कड आणि जॅक लावण्याच्या जागा हीं ह्या गाडीचीं गंज धरण्याचीं ठिकाणें होत. १९८९ नंतरच्या गाड्यांस दारांखालीं प्लॅस्टिकच्या रुंद पट्ट्या आहेत. त्यांच्या आड गंज निश्चिंतपणें वाढत असतो. इंजिन दुरुस्त होतें, गिअरबॉक्स बदलतां येतो. पण सांगाडा कुजला असेल तर सौदा मोडावा हें उत्तम. किलोमीटरच्या आंकड्यावर विश्वास ठेवूं नये. ते आंकडे फिरविणारीं प्लॅस्टिकचीं चाकें झिजून बंद पडतात, आणि मग गाडी धांवते पण आंकडा हलत नाहीं. त्यापेक्षां जुनीं बिलें पाहावीं. कागदांचें जाड बाड हा आंकड्यापेक्षां खरा साक्षीदार आहे.

घरीं काम करणाऱ्यानें पहिला खर्च गाडीवर न करतां स्वतःच्या सुरक्षिततेवर करावा. जॅक हें गाडी उचलण्याचें साधन आहे, तोलून धरण्याचें नव्हे. गाडी उचलल्यावर तिच्याखालीं लोखंडी घोड्या लावल्याखेरीज, आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना पाचरी दिल्याखेरीज, शरीराचा कोणताहि भाग खालीं जातां कामा नये. विटांच्या चळतीवर गाडी ठेवणें म्हणजे यमास आमंत्रण होय. वीट सूचना न देतां फुटते. ब्रेकची धूळ फुंकरीनें किंवा हवेच्या झोतानें उडवूं नये. ती ओल्या फडक्यानें पुसावी. काढलेलें तेल गटारांत न ओततां डब्यांत भरून वापरलेलें तेल गोळा करणाऱ्याकडे द्यावें. निवासी संस्थेंत राहणाऱ्यानें तर शेजाऱ्यांचा विचार अधिकच केला पाहिजे. वाहनतळावरील तेलाचा एक डाग दहा वर्षांची मैत्री मोडूं शकतो.

आतां कामांचा क्रम. गाडी थांबली पाहिजे, सरळ चालली पाहिजे, थंड राहिली पाहिजे, आणि त्यानंतर ती वेगानें धांवली तरी चालेल. ह्याच क्रमानें पैसा खर्च करावा.

थांबण्याचें काम ब्रेकचें. ह्या गाडीच्या चारहि चाकांवर चकतीचे ब्रेक आहेत. ब्रेक ऑइल हवेंतील ओलावा शोषून घेतें हें पुष्कळांस ठाऊक नसतें. डॉट ४ दर्जाचें नवें तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. पण तेंच ओलावा शोषून घेतल्यावर १५५ अंशांच्या आसपास उकळूं लागलें तरी प्रमाणांत बसतें. खंडाळ्याच्या घाटांतून उतरतांना ब्रेक तापतात, त्या उष्णतेनें तेलांत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पायाखालचें पेडल एकाएकीं मऊ पडतें. तेल दाबलें जात नाहीं, वाफ दाबली जाते. एवढ्या एका वाक्यांत कित्येक अपघातांचें कारण सांठलेलें आहे. म्हणून दर दोन वर्षांनीं हें तेल बदलावें, आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या तर पहिल्याच महिन्यांत बदलाव्या. ह्या नळ्या बाहेरून धडधाकट दिसून आंतून फुगलेल्या असतात. दाब जातो, पण परत येत नाहीं, आणि चाक अर्धवट पकडलेलेंच राहतें.

टायरच्या बाजूस चार आंकडे कोरलेले असतात. ३२१८ असें लिहिलें असेल तर तो टायर २०१८ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यांत तयार झाला. बाहेरची नक्षी शाबूत असली तरी फार जुन्या टायरचें रबर कडक होऊन पावसांत घसरतें. उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर म्हणूनच नक्षी न पाहतां वय पाहून बदलावे. चाकाचे बोल्ट आवळण्याचें ह्या गाडीचें माप ११० न्यूटन-मीटर आहे. तें मोजणारा पाना घरीं असावा. पायानें पान्यावर उभें राहून बोल्ट आवळण्याची आपल्याकडील चाल बोल्टाचे आटे खाते आणि चकती वांकडी करते.

सरळ चालण्याचें काम मुख्यतः रबराचें आहे. ह्या गाडीचा तो प्रसिद्ध मऊपणा जर्मन पोलादांत नसून पोलादाच्या सांध्यांत बसविलेल्या रबरी बुशांत आहे. मागच्या दोन चाकांच्या मिळून दहा दांड्या, आणि त्यांच्या टोकांना बुश. पुढच्या आर्मचे बुश. इंजिन ज्यांवर टेकलेलें असतें ते द्रव भरलेले माउंट. आणि प्रॉपेलर शाफ्टच्या टोकांस असलेल्या रबरी चकत्या. रबर किलोमीटरांनीं झिजतें त्यापेक्षां वर्षांनीं अधिक झिजतें. म्हणून कमी चाललेली गाडी ही चांगली गाडी असतेच असें नाहीं. बुश बदलतांना एक नियम कटाक्षानें पाळावा. चाकें अधांतरीं लोंबत असतांना बोल्ट पूर्ण आवळूं नयेत. गाडी जमिनीवर टेकवून, तिचा भार चाकांवर आल्यावरच ते आवळावे. नाहीं तर रबर कायमचें पिळलेल्या स्थितींत राहतें आणि वर्षभरांत फाटतें. ह्यानंतर चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी. हें काम पुरें झाल्यावर मालकास जो अनुभव येतो तो नव्या रंगानेंहि येत नाहीं. तीस वर्षांची गाडी वाट धरून चालूं लागते.

पुढच्या स्प्रिंगा मात्र घरीं काढूं नयेत. दाबलेल्या स्थितींत त्यांच्यांत साठविलेली शक्ति मनुष्याचा जीव घेण्यास पुरेशी असते, आणि ती आंवरून धरणारें खास साधन सामान्य गॅरेजांतहि नसतें. हवेची पिशवी असलेलें स्टीअरिंग, सांगाड्याचें वेल्डिंग, डिझेलचा इंजेक्शन पंप आणि गिअरबॉक्सची आंतली दुरुस्ती हींहि कामें जाणत्या कारागिराकडे सोंपवावीं. घरीं करणें म्हणजे सर्वच घरीं करणें नव्हे. आपल्या हातांची मर्यादा ओळखणें हें हत्यारांच्या पेटींतील सर्वांत उपयोगी हत्यार आहे.

तिसरें काम गाडी थंड ठेवण्याचें. ह्यांतील बहुतेक इंजिनांचा खालचा ठोकळा बिडाचा आणि वरचा हेड अॅल्युमिनियमचा आहे. दोन धातु उष्णतेनें निरनिराळ्या प्रमाणांत फुगतात. गाडी एकदां फार तापली कीं हेड वांकतो, मधलें गॅस्केट जातें, आणि एका दुपारीं गाडीच्या किमतीइतकें बिल उभें राहतें. आपल्याकडे रेडिएटरमध्यें नळाचें पाणी ओतण्याची संवय आहे. त्या पाण्यानें आंत गंज धरतो आणि क्षार सांचतात. पिण्यास योग्य तें इंजिनास योग्य असतें असें नाहीं. कूलंट आणि क्षाररहित पाणी हीं निम्मीं-निम्मीं घालावीं, आणि तत्पूर्वीं जुना गाळ सायट्रिक आम्लाच्या पाण्यानें धुऊन काढावा. लिंबाच्या आंबटपणाचें मूळ असलेलें हेंच आम्ल येथें उपयोगी पडतें. रेडिएटरच्या वरच्या नळीचें प्लॅस्टिकचें तोंड जुनें झालें कीं एकाएकीं तुटतें. म्हणून गाडी उभी राहिल्याचा इतिहास असेल तर रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि सर्व नळ्या एकदमच बदलणें हा काटकसरीचा मार्ग आहे. गरम रेडिएटरचें झांकण उघडूं नये हें सांगण्याची आवश्यकता नसावी. परंतु हातांवरचे व्रण अजून तें सांगत असतात.

विजेच्या बाबतींत ह्या गाडीचा एक दोष जगप्रसिद्ध आहे. १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तयार झालेल्या पुष्कळ पेट्रोल इंजिनांच्या तारांवर जें आवरण वापरलें गेलें, तें निसर्गांत लवकर विघटित व्हावें ह्या सद्हेतूनें निवडलें होतें. दुर्दैवानें तें भंगारांत जाण्याची वाट न पाहतां इंजिनाच्या उष्णतेनें गाडींतच विघटित होऊं लागलें. इंजेक्टरजवळची तार हलकेंच दाबून पाहावी. आवरणाचे तुकडे पडले तर सर्व जुडगाच बदलावा. इंजिन अडखळतें म्हणून एक एक महाग भाग बदलत जाणारे आणि शेवटीं तारांपाशीं येणारे मालक पुष्कळ आहेत. तसेंच पेट्रोल गाड्यांत अतिरिक्त दाबापासून संरक्षण करणारा एक लहान रिले असतो. त्याच्या आंतील डाक तडकले म्हणजे इंजिनाची संथ गति बिघडते आणि ब्रेकचा इशारा-दिवा लागतो. रोग मोठा दिसतो, औषध लहान असतें. स्वस्त आणि सोपें कारण आधीं तपासावें, महाग कारण शेवटीं. निदानाचा हा नियम वैद्याला जसा, तसाच मिस्त्रीलाहि लागू आहे.

इंधनाचा प्रश्न नव्या काळानें निर्माण केला आहे. २०२३ पासून देशांत २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल येऊं लागलें. इथेनॉल कांहीं जुन्या जातींच्या रबरास फुगवितें व मऊ करतें, आणि तें पाणीहि शोषून घेतें. जेव्हां ही गाडी आंखली गेली तेव्हां असें इंधन कोणाच्या स्वप्नांतहि नव्हतें. म्हणून पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या ह्या मिश्रणास टिकणाऱ्या जातीच्या घालाव्या, गाळणी वेळच्या वेळीं बदलावी, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवूं नये. तापलेल्या इंजिनावर गळणारें पेट्रोल म्हणजे आग. ह्या खर्चास सुधारणा न म्हणतां कर्तव्य म्हणावें.

ह्या गाडींतील कांहीं गोष्टी नव्या पिढीच्या मिस्त्रीलाहि चकित करतात. दारांचीं कुलुपें विजेच्या मोटारीनें न चालतां हवेच्या दाबानें व निर्वातानें चालतात. एका दारांतील लहान रबरी पडदा फाटला तरी पंप घरघरत राहतो आणि कुलपें आळशी होतात. अनेक डिझेल गाड्यांत तर इंजिन बंद करण्याचें कामहि निर्वातच करतो. नळी फाटली तर किल्ली काढली तरी इंजिन चालूच राहतें, आणि बॉनेट उघडून हातानें दांडा दाबावा लागतो. हें पाहून भुताटकीची शंका घेण्यापेक्षां हातपंपानें एक एक नळी तपासावी. दोन-तीन रविवारांत हा दोष सांपडतो आणि खर्च रबरी तुकड्यांपलीकडे जात नाहीं.

स्वयंचलित गिअरबॉक्सचें तेल ‘आयुष्यभर पुरतें’ ही समजूत खोटी आहे. तें वेळोवेळीं बदलावें आणि त्यासोबत गाळणीहि बदलावी. तेलाची पातळी मोजतांना गाडी सपाट जमिनीवर, इंजिन चालू आणि तेल गरम पाहिजे. थंड तेलावर केलेलें मोजमाप फसवें असतें. वातानुकूलनाची यंत्रणा जुन्या आर-१२ वायूची असेल तर तो वायु ओझोनच्या थरास घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर क्रमाक्रमानें बंद होत गेला. आर-१३४ए वायु घालतांना जुनें खनिज तेल धुऊन काढणें, रबरी कड्या आणि ओलावा टिपणारी बाटली बदलणें, आणि वायु मूळ वजनापेक्षां कांहींसा कमी भरणें आवश्यक आहे. नुसता वायु भरून देणारा कारागीर पुढच्या उन्हाळ्यांत कॉम्प्रेसरचें बिल लिहीत असतो.

एवढें झाल्यावर अंतर्भागाकडे वळावें. गाडींतील झेब्रानो लांकडाच्या पट्ट्या म्हणजे आफ्रिकेंतील एका पट्टेदार लांकडाचा पातळ पापुद्रा. उन्हानें त्यावरचें लाखेसारखें लेपण तडकतें. तें खरवडून पुन्हां चढविण्याचें काम घरीं, पंख्याच्या धुळीपासून दूर, शांतपणें करतां येतें, आणि घरांतील मंडळीहि त्यांत आनंदानें भाग घेतात. पण हें काम शेवटचें. नवरीला दागिने आधीं घालून ताप मागाहून पाहत नाहींत.

आतां सुधारणांचा विचार. ह्या बाबतींत उत्तम धडा कारखान्यानेंच घालून दिला आहे. १९९० मध्यें ह्याच गाडींत ५ लिटरचें आठ सिलिंडरचें इंजिन घालून ५००ई हा प्रकार आणला गेला. पण केवळ इंजिन बदललें नाहीं; ब्रेक मोठे केले, चाकांच्या कमानी रुंद केल्या, गाडी किंचित खालीं बसविली, आणि ती रुंद गाडी नेहमींच्या जोडणीच्या रांगेंतून जाईना म्हणून पोर्शे कंपनीच्या कारखान्याची मदत घेतली. ज्यांनीं गाडी निर्माण केली त्यांनासुद्धां शक्ति वाढवितांना एवढा खटाटोप करावा लागला. मग अंगणांत इंजिनाची शक्ति वाढविणाऱ्यानें काय काय बदलावें लागेल ह्याचा हिशेब आधींच करावा.

ज्या सुधारणा गाडीच्या मूळ स्वभावास धरून असतात त्याच टिकतात. पुढच्या दिव्यांस वेगळा रिले आणि जाड तार देऊन पूर्ण वीज पोहोंचविली तर जुने दिवे आश्चर्य वाटावें इतके उजळतात. उलट, जुन्या परावर्तकांत नवे एलईडी दिवे खुपसले तर प्रकाश विखुरतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. मूळचीं १५ इंची चाकें आणि १९५/६५ चे टायर ह्यांची जाड बाजूच आपल्या रस्त्यांवरील खड्डे गिळते. मोठीं चाकें आणि पातळ टायर घातले तर तोच धक्का नव्या बुशांत आणि प्रवाशांच्या कण्यांत जातो. चांगले शॉक-अॅब्सॉर्बर, चांगले ब्रेकपॅड, मागच्या आसनांस नसलेले पट्टे, दिसणार नाहीं असें बसविलेलें नवें ध्वनियंत्र, ह्या सुधारणा खऱ्या उपयोगाच्या होत. आणि प्रत्येक सुधारणेस एक कसोटी लावावी: उद्यां मन पालटलें तर गाडी पूर्ववत् करतां येईल काय? येत असेल तर बदल करावा. नसेल तर रात्रभर थांबावें.

कायद्याचीहि मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें निर्मात्यानें ठरविलेल्या मूळ तपशिलाहून भिन्न असा बदल वाहनांत करतां येत नाहीं, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हेंच स्पष्ट केलें. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते; त्यानंतर योग्यता तपासून पांच-पांच वर्षांनीं तिचें नूतनीकरण करावें लागतें. २०२१ सालीं ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठीं केंद्र सरकारनें जे वेगळे नियम केले ते पन्नास वर्षांवरील गाड्यांस लागू आहेत. तीस वर्षांची मर्सिडीज कायद्याच्या दृष्टीनें म्हातारी आहे, पण पुराणवस्तु नाहीं. नोंदणी मागील किती वर्षें थकली आहे हें पाहिल्यावांचून अंगणांतल्या गाडीवर एक रुपयाहि खर्चूं नये.

शेवटीं हिशेबाची वही. समजा, गाडी चार लाखांस मिळाली. तर तितकीच रक्कम पहिल्या दोन वर्षांसाठीं निराळी काढून ठेवावी. ती नसेल तर दोन लाखांची, पण अधिक धडधाकट गाडी शोधावी. वहींत डाव्या पानावर तारीख, काम आणि खर्च; उजव्या पानावर काय दिसलें आणि काय राहिलें. काढलेला प्रत्येक बोल्ट नांव लिहिलेल्या डबींत, आणि सोडण्यापूर्वीं प्रत्येक जोडणीचें छायाचित्र. एका वेळीं एकच काम उघडावें. ज्यांनीं उत्साहाच्या भरांत सगळी गाडी एकदम खोलली, त्यांच्या गाड्या खोक्यांत भरून विकल्या गेल्या आहेत.

वडिलांची गाडी ठेवावी कीं विकावी ह्याचें उत्तर म्हणून भावनेंतहि नाहीं आणि बाजारभावांतहि नाहीं. तें सांगाड्याचा पत्रा, नोंदणीचा कागद आणि रविवारची फुरसत ह्या तीन गोष्टींत आहे. तिन्ही असतील तर ठेवावी. एकहि नसेल तर एखाद्या जाणत्या मालकाच्या हवालीं करावी, त्यांत वडिलांचा अनादर नाहीं; ताडपत्रीखालीं कुजूं देण्यांत मात्र आहे. आणि ठेवली तर ती चालवावी. न चालणाऱ्या गाडीचीं रबरें सुकतात, ब्रेक अडकतात, तेल खालीं बसतें. आठवड्यांतून एकदां तिला पूर्ण तापेपर्यंत फिरवून आणणें ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे, आणि ती करण्यास कोणत्याहि मिस्त्रीची गरज लागत नाहीं.